टीव्हीखालचा खण परत परत का भरतो?

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमचा आणि आमचा आजार एकच आहे का ते कळेल.

खण ओढला की चार बोटं उघडतो आणि अडतो. आत काहीतरी उभं राहिलेलं असतं, बहुतेक वेळा कात्री. मग फटीतून बोटं घालून ती खाली दाबायची आणि दुसऱ्या हाताने खण ओढायचा. उघडल्यावर हवं ते मिळत नाही. सेलोटेप शोधायला जावं तर हाताला जुन्या फोनचा चार्जर लागतो. सेलोटेप तीन दिवसांनी, पेन शोधताना सापडते. तोवर वैतागून नवी आणलेली असते, त्यामुळे आता घरात चार सेलोटेप आहेत आणि एकीचंही टोक सापडत नाही. दिवाळीच्या आधी हाच खण जमिनीवर उपडा करून, पुसून, खाली पेपर घालून नीट लावलेला असतो. संक्रांतीला जैसे थे.

यातलं शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. खण एकदाच भरला असेल तर एका रविवारचं काम आहे, करून टाका आणि हे वाचूही नका. पण आवरूनही दर वेळी भरत असेल, तर बिघाड खणात नाही.

आमच्याकडे हा खण टीव्हीच्या युनिटला आहे. तुमच्याकडे ओट्याखालचा तिसरा असेल, शोकेसचा असेल, फ्रीजशेजारच्या कपाटाचा असेल. त्याला धड नाव नसतं. आमच्या घरी 'बघ, तिथे असेल' एवढंच त्याचं नाव. डोंबिवलीच्या या घरात येऊन नऊ वर्षं झाली, तेवढ्यात मी तो पंधरा-सोळा वेळा तरी आवरला असेन.

काय करून पाहिलं आणि ते का फसलं

पहिल्यांदा वाटलं, कप्पे नाहीत म्हणून असं होतंय. प्लॅस्टिकचे छोटे ट्रे मागवले, सहांचा संच. दिसायला झकास. पण खण जोरात बंद केला की ट्रे मागे सरकायचे, पुढे चार इंच रिकामी जागा राहायची आणि त्या चार इंचांत नवा पसारा सुरू. शिवाय ट्रेच्या जाड कडा आणि गोल कोपरे यांतच बरीच जागा गेली. खणाची लांबी-रुंदी मोजली होती, आतली उंची मोजली नव्हती. एक ट्रे अर्ध्या सेंटिमीटरने उंच निघाला, तो आता आंघोळीच्या साबणांना आहे.

मग लेबलं लावली. 'पेन', 'सेल', 'औषधं', 'तारा', 'शिवणकाम' आणि 'इतर'. महिन्याभरात पाच कप्पे अर्धे रिकामे आणि 'इतर' ओसंडून वाहतोय. हे लेबल लावलं तेव्हाच खरं तर मी खणात दुसरा खण केला होता. तुमच्याही मांडणीत 'इतर', 'किरकोळ' किंवा 'नंतर बघू' नावाचा कप्पा असेल तर तो आजच काढा, बाकी काही केलं नाही तरी चालेल.

तिसरा उपाय म्हणजे घरच्यांवर ओरडणं. परिणाम दोन दिवस टिकतो.

आठ दिवस काहीही आवरायचं नाही

उपाय सापडला तो अपघाताने. आमच्या लेकीला शाळेत घरातल्या पाण्याच्या वापराची आठवडाभर नोंद ठेवायचा प्रकल्प होता. तिचा तक्ता भिंतीवर बघून वाटलं, खणाचं असंच करू. युनिटच्या वर एक कागद चिकटवला, पेन दोऱ्याने बांधून ठेवलं आणि सांगितलं, खणात जे टाकाल ते इथे लिहा: काय, कुठून आणलं, किती वाजता. आवरायचं नाही, रागवायचं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "मी काही ठेवतच नाही गं त्यात." शनिवारपर्यंत त्यांच्या नावावर सात नोंदी होत्या.

आठ दिवसांत एकूण चौतीस वस्तू आत गेल्या. त्यांतल्या एकोणीस खिशातून किंवा पर्समधून आल्या होत्या: सुटी नाणी, दुकानाच्या पावत्या, स्कूटरची किल्ली, च्युइंगमचा कागद, ऑफिसचं ओळखपत्र, इअरफोन. सहा वस्तू दारातून आलेले कागद: विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, लग्नपत्रिका. पाच वस्तू 'लागेल कधीतरी' या सदरातल्या आणि चार कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमाहून आलेल्या. आणि एकोणीसपैकी पंधरा नोंदी संध्याकाळी साडेसात ते साडेआठच्या होत्या. म्हणजे नवरा लोकलमधून उतरून घरी येतो ती वेळ, आणि मीही त्याच सुमारास येते. दारापासून टीव्हीचं युनिट तीन पावलांवर. दमलेला माणूस आत येतो, खिसे रिकामे करतो, समोरचं पहिलं उघडणारं ठिकाण म्हणजे हा खण.

इतकी वर्षं मी सेल कुठे ठेवायचे याची आखणी करत होते, आणि आठ दिवसांत एकही सेल आत गेला नव्हता.

हा कागद तुम्हीही लावा. तुमचा आकडा वेगळा येईल. एका मैत्रिणीकडे जवळजवळ सगळा ओघ शाळेच्या दप्तरातून होता. तिचा उपाय माझ्या उपायापेक्षा साफ वेगळा निघाला. म्हणून पुढचं सगळं जसंच्या तसं उचलू नका.

ओघ अडवायचा तो दारात

खिशातल्या वस्तूंसाठी दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर एक पितळेचं तबक ठेवलं. उथळ आणि उघडं. याला झाकण किंवा खोली असता कामा नये. जे डोळ्यांसमोर असतं ते कोणीतरी उचलतं, जे झाकलं जातं ते राहतं. किल्ल्यांसाठी वर चार आकडे. रविवारी सकाळी तबकातली नाणी भाजीच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात जातात, भाजीवाला सुटे पाहून खूश होतो. पहिले पंधरा दिवस नवरा सवयीने खणाकडेच वळायचा. मग मी खणाच्या मुठीला रबरबँड अडकवून ठेवला. उघडण्याआधी तो काढावा लागायचा आणि तेवढ्यात आठवायचं. महिन्याने रबरबँड काढला.

कागदांसाठी जुन्या वाण्याच्या दुकानातली युक्ती. तिथे बिलं खोचायला वाकडी तार असायची, खाली लाकडी चकती. तशी तार अजून स्टेशनरीच्या दुकानात मिळते. स्वयंपाकघराच्या दाराआड टांगली आहे. कागद खोचायचा, महिनाअखेर उपसायचा.

उपसताना काय ठेवायचं, यावर आमच्याकडे वाद असतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. दुकानातल्या मशीनमधून निघणारी गुळगुळीत पावती थर्मल कागदाची असते. तिच्यावर शाई नसते, उष्णतेने कागदच काळा होतो. म्हणूनच ती उन्हात, गरम जागी किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली की अक्षरं उडतात, वरून सेलोटेप लावली तर हमखास उडतात. मिक्सरची दोन वर्षांची वॉरंटी असते आणि पावती आठ महिन्यांत कोरी होते. टीव्हीच्या मागे सेट-टॉप बॉक्सची ऊब असते, त्याच्याच खाली आमचा खण. तेव्हा अशी पावती आली त्याच दिवशी तिचा फोटो काढा किंवा झेरॉक्स काढून वॉरंटी कार्डाला टाचा. विजेची बिलं आमच्याकडे २०१५ पासूनची होती. वीज कायदा २००३ च्या कलम ५६(२) प्रमाणे, एखादी रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनी ती वसूल करता येत नाही, मधल्या काळात बिलांत ती थकबाकी म्हणून सतत दाखवलेली असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे मी दोन वर्षांची बिलं आणि भरल्याच्या पावत्या ठेवते, बाकी रद्दीत. पत्त्याचा पुरावा म्हणून कोणी मागितलं तर ताजंच बिल लागतं, २०१५ चं नाही. आधार, पॅन, पासबुक, घराचे कागद हे या खणात असूच नयेत. त्यांची फाइल कपाटात.

कार्यक्रमांच्या वस्तू हा आपल्याकडचा खास प्रकार. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात आणि प्रत्येक घरातून एक वाण हातात येतं: कंगवा, डबी, पिशवी बंद करायची क्लिप, इवलीशी गाळणी. आमच्या घरी दोघी बायका, म्हणजे सगळं दुप्पट. दिवाळीत आवरलेला खण संक्रांतीनंतर का बिघडतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे. आता वाण घरात आलं की त्याच रात्री ठरतं: वापरात जाणार, की पुढे कोणाला देण्याच्या पिशवीत. खणात नाही. अंगारा, अक्षता, पूजेची सुपारी यांच्या पुड्यांना हात लावायची माझी हिंमत नव्हती. अठरा निघाल्या. सासूबाईंनीच सोडवलं. त्या म्हणाल्या, "अगं, देवाचं असं खिळ्यांत पडून राहण्यापेक्षा तुळशीत घातलेलं बरं." सुपाऱ्या आणि अक्षता निर्माल्यात गेल्या, अंगाऱ्याची एक डबी देवघरात.

लागेल कधीतरी

हा भाग अवघड आहे, कारण इथे वस्तूंपेक्षा माणसं मध्ये येतात.

"आई, हे कशाचं आहे?" मी सासूबाईंना विचारलं.

"कशाचंतरी असेल ना! टाकू नकोस."

हातात एक काळी रबरी चकती होती. मी टाकणार होते. तिसऱ्या आठवड्यात मिक्सरच्या भांड्यातून चटणीचं पाणी गळायला लागलं आणि तीच चकती झाकणाखाली चपखल बसली. त्यामुळे 'टाका हो सगळं' असा सल्ला मी देत नाही. सासूबाईंच्या पिढीने वस्तू दुरुस्त करून वापरल्या, त्यांच्या ठेवण्यात हिशोब असतो. फक्त तो त्यांच्या डोक्यात असतो, वस्तूवर लिहिलेला नसतो.

म्हणून एकच नियम केला. श्रीखंडाचा एक चपटा डबा 'लागेल'साठी. त्यात जे जाईल त्याला कागदी टेपचा तुकडा लावून लिहायचं: कशाचं आणि कधी ठेवलं. 'मिक्सर, मोठं भांडं, मार्च'. 'पंख्याचा स्क्रू'. कशाचं ते लिहिता आलं नाही तर नुसता महिना लिहायचा. डबा भरला की नवीन आत घालण्यापूर्वी एक जुनं बाहेर, आणि कुठलं काढायचं ते सासूबाई ठरवणार. मी नाही. हा अधिकार त्यांच्याकडे गेल्यापासून त्या माझ्यापेक्षा कडक झाल्यात. मागे त्यांनी माझीच जुनी घड्याळाची पट्टी काढून टाकली.

किल्ल्यांचं वेगळं. एका दुपारी सगळ्या अनोळखी किल्ल्या ताटात घेऊन घरभर फिरले: कपाटं, बॅगा, गच्चीचं कुलूप, जिन्याखालचा मीटरचा कप्पा, जुनी सूटकेस. जी लागली तिच्यावर नेलपॉलिशचा ठिपका आणि त्याच रंगाचा ठिपका कुलपावर. चौदापैकी सहा लागल्या. उरलेल्या भंगारात घातल्या, पितळेच्या तेवढ्या वेगळ्या वजनावर.

खण रिकामा करताना सांभाळून

ओघ अडवला, आता प्रत्यक्ष खण. जमिनीवर जुनी चादर पसरा आणि त्यावर उपडा करा, पण घरात लहान मूल असेल तर त्याला आधी दुसऱ्या खोलीत पाठवा. कारण सांगते.

आमच्या ढिगात बटणासारखे तीन सेल निघाले, त्यांतला एक सीआर २०३२. आकड्याचा अर्थ २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. वजनकाट्यात, गाडीच्या रिमोटमध्ये हाच असतो. लहान मुलाने हा गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं, सेल संपलेला असला तरीही. असं झालं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, उलटी करवायची नाही, तडक मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. म्हणून हे सेल खणात मोकळे कधीच नकोत. पाकिटातून नवा काढला की जुना लगेच दोन्ही बाजूंनी टेपने गुंडाळून वरच्या फळीवरच्या डबीत.

नऊ व्होल्टचा चौकोनी सेलही तसाच त्रासदायक. त्याची दोन्ही टोकं एकाच बाजूला शेजारी शेजारी असतात. किल्ली, तारेचा घोस किंवा भांडी घासायची लोखंडी तार त्यांना टेकली की शॉर्ट होऊन तापते, ठिणगीही पडू शकते. टोकांवर टेप लावा.

आणि गळलेले सेल. रिमोट उघडला आणि स्प्रिंगवर पांढरी बुरशी दिसली की आपण रिमोट टाकून देतो. बहुतेक वेळा गरज नसते. सेलवर अल्कलाइन लिहिलं असेल तर गळलेलं द्रव्य अल्कली असतं, त्यावर आम्ल लागतं: कान साफ करायच्या काडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन नुसतं टेकवायचं, फेस थांबेपर्यंत. साधा, स्वस्तातला झिंक-कार्बनचा सेल असेल तर गळती आम्लाची असते, तिथे लिंबू उपयोगाचं नाही. खायच्या सोड्याची घट्टशी पेस्ट लावायची. मग ओलसर काडीने पुसून, एक दिवस उघडा वाळवून नवे सेल घालायचे. हातात मोजे घाला, ती पांढरी पूड डोळ्याला लागू देऊ नका. आमच्या पंख्याचा रिमोट असा वाचला. टीव्हीचा नाही वाचला, त्याची पत्र्याची पट्टीच खाऊन गेली होती.

चालू सेल कुठला आणि संपलेला कुठला, हा नेहमीचा प्रश्न. अल्कलाइन सेल दोन इंचांवरून उभा फरशीवर सोडला तर नवा 'थप्प' बसतो आणि वापरलेला उडी मारतो. पण उडी मारली म्हणजे पूर्ण संपला असं नाही, अर्धा वापरलेलाही उडतो. रिमोटला नको असलेला तो सेल भिंतीवरच्या घड्याळात अजून चार-सहा महिने चालतो. संपलेले सेल, फुगलेली मोबाइलची बॅटरी, मेलेले चार्जर यांवर चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं. ते ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचे नसतात, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचे. फुगलेल्या बॅटरीला टोचून बघायचं नाही, चार्जिंगला तर लावायचंच नाही.

औषधांत सापळा वेगळाच असतो. दहा गोळ्यांच्या पट्टीतून दोन गोळ्या कात्रीने कापून घेतल्या की एक्सपायरी छापलेला तुकडा नेमका कापला जातो. ज्या तुकड्यावर नाव किंवा तारीख नाही तो ठेवू नका, 'डोकेदुखीची असावी' यावर विसंबून तर नाहीच. डोळ्यांचे थेंब बाटली फोडल्यावर साधारण महिन्याभरातच वापरायचे असतात, बाटलीवरची तारीख न फोडलेल्या बाटलीची असते. फोडल्याची तारीख पेनने लिहिली तर प्रश्न मिटतो. औषधांचा डबा वेगळा आणि उंचावर. या खणात एकही गोळी नको.

पैशांचं सांगायचं राहिलं. आहेराची रुपया चिकटवलेली कोरी पाकिटं बारा निघाली, आणि एक कोरं नव्हतं. आत जुन्या पाचशेच्या दोन नोटा. कोणाच्या तरी लग्नाला जायचं राहून गेलं असणार. ८ नोव्हेंबर २०१६ ला त्या बंद झाल्या, आता बदलून मिळत नाहीत. २०१७ च्या कायद्याने अशा दहापर्यंत नोटा आठवण म्हणून जवळ ठेवायला हरकत नाही, म्हणून ठेवल्या. दोन हजारची नोट सापडली तर मात्र हळहळू नका: १९ मे २०२३ ला ती मागे घेण्याचं जाहीर झालं तरी ती रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांतून खात्यात जमा होते. आपल्याकडे मुंबई, बेलापूर आणि नागपूर. पोस्टानेही पाठवता येते. नाण्यांत चार आणे आणि त्याखालची सगळी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. आठ आणे अजून चलनात आहेत, भाजीवाला घेत नाही ती गोष्ट वेगळी.

खण अडतो, तिरका होतो, बंद होत नाही

रिकामा झालाच आहे तर हेही बघून घ्या. पूर्ण बंद होत नसेल तर मागे काहीतरी पडलेलं असतं. टेलिस्कोपिक चॅनलवरचा, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरचा खण बाहेर काढणं सोपं आहे, पण जोर लावायचा नाही. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर मध्याजवळ काळ्या प्लॅस्टिकची एकेक जीभ असते. एका बाजूची वर उचलायची, दुसरीची खाली दाबायची, दोन्ही एकाच वेळी, आणि खण सरळ ओढायचा. आमच्या खणामागे एक पेन, दोन भाऊबीजेची पाकिटं आणि हरवलं म्हणून नवीन काढलेलं गॅसचं कार्ड होतं. परत बसवताना युनिटच्या बाजूच्या पट्टीत बारीक गोळ्यांची जाळी असते, ती पुढच्या टोकापर्यंत आणून मग खण सरकवा. जाळी मागे राहिली आणि ढकललात तर गोळ्या निखळून खोलीभर होतात. अनुभव आहे.

तळ मध्ये लोंबत असेल तर खण खालच्या फळीला घासतो. तळाची पातळ प्लाय खाचेतून सुटलेली असते. उपडा करून खाचेत फेविकॉल, चार बारीक चुका आणि मधोमध एक आडवी लाकडी पट्टी, एवढ्यात भागतं. रात्रभर त्यावर जड पुस्तकं ठेवा.

जुना सागवानी खण पावसाळ्यातच अडत असेल तर लाकूड फुगलेलं आहे. ज्या कडेवर तो सरकतो तिथे मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासा. रंधा मारायची घाई जुलैत करू नका. जानेवारीत तोच खण ढिला पडून वाजायला लागेल.

परत भरताना

आमचा खण आतून सत्तेचाळीस सेंटिमीटर लांब, छत्तीस रुंद आणि नऊ उंच. यात मिठाईचे पुठ्ठ्याचे खोके झाकण काढून बसवले. ट्रे घ्यायचेच असतील तर आधी दोन महिने पुठ्ठ्यावर काढा. कुठला कप्पा किती मोठा हवा ते वापरातूनच कळतं, आणि खोका मोठा झाला तर कात्रीने कापता येतो. खोके एकमेकांना घट्ट टेकले पाहिजेत, बोटभर फट राहिली तर तिथे जुन्या योगा मॅटची पट्टी. आता खण धाडकन बंद केला तरी काही सरकत नाही.

एकच थर, वस्तूवर वस्तू नाही. जी वस्तू झोपून मावत नाही ती या खणाची नाही. पुढच्या ओळीत कात्री, सेलोटेप, दोन पेनं, मोजपट्टी, टेस्टर. मागच्या ओळीत महिन्यातून एकदा लागणारं: फ्यूजची तार, मेणबत्त्या, काडेपेटी, सुई-दोऱ्याची डबी, 'लागेल'चा डबा. केबल्स ठेवताना आधी घरातली उपकरणं मोजली. टाइप-सीवर चालणारी पाच, जुन्या बारीक पिनेची दोन. म्हणून चार आणि एक, वेणीच्या रबराने गुंडाळून. बाकी अकरा केबल्स गेल्या. दोन इंच जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे, ती भरायला लागली की लगेच दिसतं.

सेलोटेपचं टोक आत दुमडून ठेवायचं, हा लेकीचा शोध.

तरीही भरायला लागला तर

सगळा उपडा करू नका. वरवर काय साचलंय ते बघा, त्यावरून बिघाड कुठे ते कळतं. नाणी आणि किल्ल्या दिसल्या तर दाराजवळचं तबक भरून वाहतंय किंवा कोणीतरी त्यावर हेल्मेट ठेवलंय. कागद दिसले तर तार उपसायची राहिली. एकसारख्या दोन-दोन वस्तू दिसल्या, म्हणजे दोन कात्र्या, तीन टेस्टर, तर मागची ओळ कोणालाच दिसत नाही. खण पूर्ण बाहेर येत नाही किंवा पुढचं काहीतरी उंच झालंय. आणि कुठली वस्तू कोणाची तेच कळत नसेल तर कागद-पेन परत लावा, आठ दिवसांसाठी.

तपासायचा दिवस मी कॅलेंडरवर धरला नाही, तसं धरलेलं माझ्याकडून होत नाही. गॅसचा नंबर लावला की खण बघायचा, असं ठरवलंय. सिलिंडर येईपर्यंत दुपारभर घरी थांबायचंच असतं, आणि आमच्याकडे दीड महिन्याने ही पाळी येते. दहा मिनिटं लागतात. मागच्या वेळी निघालं ते एवढंच: सोसायटीच्या सभेची नोटीस, एक वाणाचा कंगवा, रिक्षावाल्याने दिलेले आठ आणे आणि सासूबाईंनी टेप लावून ठेवलेली एक शिट्टी. टेपवर लिहिलं होतं, 'कुकर, छोटा. अजून लागते.'